आयरिश भाषा आणि कचेरीची खिडकी

भाषेचें भवितव्य शाळेंत ठरतें, असें सामान्यतः मानलें जातें. आयर्लंडचा इतिहास मात्र निराळीच साक्ष देतो. तेथें शाळेंत शिकविली गेलेली भाषा सरकारी कचेरीच्या खिडकीशीं येऊन अडली.

इंग्रजी अमलांत १७३७ च्या कायद्यानें न्यायालयांचें कामकाज इंग्रजींतच चालविण्याचें बंधन घातलें. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळानें आयरिशभाषी पश्चिम भाग ओसाड केला. १८९८ च्या कायद्यानें लोकनियुक्त काउंटी कौन्सिलें स्थापन झालीं, तरी दप्तर बव्हंशीं इंग्रजींतच राहिलें. १९०५ सालीं डोनेगल परगण्यांतील नियल मॅक गिला ब्रीदे यानें आपल्या गाडीवर स्वतःचें नांव आयरिश लिपींत लिहिलें. गाडीवरील नांव वाचतां येण्याजोगें असावें, असा कायदा होता. खटला झाला, पॅट्रिक पिअर्स यांनीं डब्लिनच्या न्यायालयांत त्याची बाजू मांडली, परंतु आयरिश अक्षरें वाचनीय नव्हत, असें ठरून दंड कायम झाला. स्वतःच्या गांवच्या रस्त्यावर स्वतःचें नांव स्वतःच्या भाषेंत लिहिणें हा गुन्हा ठरला!

पुढें स्वराज्य आलें. १९२२ च्या घटनेनें आयरिशला राष्ट्रभाषा म्हटलें. १९३७ च्या घटनेनें तिला प्रथम राजभाषेचा मान दिला. शाळांतून ती सक्तीची झाली. पण मान देणें निराळें आणि व्यवहारांत स्थान देणें निराळें. १९७४ सालीं सरकारी नोकरीच्या प्रवेशाकरितां असलेली आयरिशची अट निघाली, आणि आयरिशभाषी नागरिकाचें म्हणणें समजेल असा कारकून कचेरींत असेलच, याची शाश्वती उरली नाहीं.

एका आरोपी नागरिकानें कायद्यांच्या आयरिश प्रती मागितल्या. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या पुरविणें हें सरकारचें घटनात्मक कर्तव्य असल्याचा निर्णय दिला. २००३ सालीं राजभाषा-कायदा झाला. आयरिशमध्यें आलेल्या पत्राला सार्वजनिक संस्थेनें आयरिशमध्येंच उत्तर द्यावें, वार्षिक अहवाल दोन्ही भाषांत काढावे, असे नियम झाले. काउंटी कौन्सिलांनाही ते लागू झाले. परंतु पत्राचें उत्तर भाषांतरकाराकडून लिहवून घेतां येतें; खिडकीशीं उभ्या असलेल्या म्हातारीला भाषांतर होईपर्यंत थांबवितां येत नाहीं. ती मुकाट्यानें इंग्रजींत बोलूं लागते, आणि पुढच्या खेपेस नातवालाही तसेंच बोलावयास सांगते. भाषेचा क्षय असा निःशब्द होतो.

म्हणूनच पहिले भाषा-आयुक्त शॉन ओ किरॉन यांनीं आयरिशभाषी प्रदेशालाही त्याच्या भाषेंत सरकारी सेवा मिळत नाहीं, या निषेधार्थ पद सोडण्याचें जाहीर केलें, आणि २०१४ सालीं ते पायउतार झाले. त्यानंतर २०२१ च्या दुरुस्ति-कायद्यानें २०३० अखेरपर्यंत सार्वजनिक संस्थांतील नव्या नेमणुकींपैकीं वीस टक्के आयरिश जाणणाऱ्यांच्या असाव्यात, असें उद्दिष्ट ठेविलें. २०२२ च्या खानेसुमारींत १८,७३,९९७ लोकांनीं आपणांस आयरिश बोलतां येतें असें सांगितलें. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र ७१,९६८ निघाले.

या दोन आंकड्यांमधील अंतर केवळ शाळामास्तरांना भरून काढतां येणार नाहीं. तें काम खिडकीपलीकडे बसलेल्या कारकुनाचेंही आहे. त्यानें आपल्या भाषेंत "या, बसा" म्हटलें, तर शाळेंत शिकलेली भाषा कामाची आहे, असें नागरिकाला वाटेल. एरवीं राजभाषेचा किताब घटनेच्या पानांतच शोभेल.