कॅमेरा, काटकसर आणि कातडी पिशवी: एका जुन्या हौसेचा हिशेब (थ्रेड)

१/
१ फेब्रुवारी १९१२. मुंबईहून लंडनच्या बोटीत बसलेल्या ४१ वर्षांच्या एका गृहस्थाने निघण्यापूर्वी आपला आयुर्विमा मित्राकडे गहाण ठेवला होता. १२,००० रुपयांच्या विम्यावर १०,००० रुपये उचलून तो निघाला होता, आणि त्याला आणायचा होता चलत्चित्रे टिपणारा कॅमेरा.

२/
धुंडिराज गोविंद फाळके यांची ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु कॅमेऱ्यासाठी पैसा उभा करणे, अनेक यंत्रांतून एक निवडणे आणि ते सांभाळून वाहून नेणे, या तीन विवंचना त्यांच्याही आधी सात दशके जगभरच्या हौशी मंडळींना ग्रासत होत्या. कॅमेरा कोणाच्या हाती पडला आणि कोणाच्या हाती पडू शकला नाही, हे या विवंचनांनीच ठरवले.

३/
प्रारंभ १८३९ च्या पॅरिसमध्ये. दागेर यांची छायाचित्रण-पद्धती त्या वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झाली आणि अल्फोन्स जिरू यांनी तिच्यासाठी कॅमेरे विकावयास काढले. किंमत ४०० फ्रँक. कॅमेरा, पत्रे, रसायने, पाऱ्याच्या वाफेची पेटी असा सारा संच सुमारे ५० किलो भरे. तो खांद्यावर टाकून भटकण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला हमाल लागे.

४/
१८५१ मध्ये आर्चर यांची ओल्या काचेची पद्धती आली. चित्रे स्वच्छ येऊ लागली, पण काच ओली असतानाच तिच्यावर चित्र घेऊन ती लगेच धुवावी लागे. म्हणजे अंधारी खोली सोबत हवी. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेलेल्या रॉजर फेंटन यांनी एका मद्यविक्रेत्याची घोडागाडी विकत घेऊन तिचीच अंधारी खोली केली. ५ कॅमेरे, ७०० काचा आणि ३६ पेट्या! फेंटन यांची ‘कॅमेरा बॅग’ घोडे ओढत होते.

५/
त्याच सुमारास मुंबईतही ही विद्या रुजत होती. १८५४ मध्ये मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले. शिकण्याची वाट उघडली. यंत्र मात्र अजून डॉक्टर, अधिकारी, संस्थानिक आणि पेढीवाले यांच्याच आवाक्यात राहिले.

६/
पैशाची सोय झाली तरी हवेचा प्रश्न उरत असे. विलायती लाकडाच्या पेट्या आपल्या पावसाळ्यात फुगत, सांधे सुटत, कीड लागे. यावर उपाय म्हणून इंग्लंडातील कारागिरांनी ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे घडवले. त्यांचे अंग सागवानी असे, सांध्यांना पितळी पट्ट्या ठोकलेल्या असत आणि भात्याला रशियन चामडे लावीत, कारण त्याच्या उग्र वासाने किडे दूर राहतात अशी समजूत होती. गरजेपोटी जन्मलेली ही रचना इतकी देखणी ठरली की संग्राहक आजही तिच्यावर जीव टाकतात.

७/
आता अमेरिकेतील रॉचेस्टर शहर. वडील लवकर वारले, आईने घरी खाणावळी ठेवले. मुलाने १४ व्या वर्षी शाळा सोडली आणि आठवड्याला ३ डॉलरवर विमा कंपनीत हरकाम्याची नोकरी धरली. पुढे तो एका बचत बँकेत कारकून झाला. जॉर्ज ईस्टमन हे त्याचे नाव. पैशाचा काटेकोर हिशेब ठेवण्याची सवय त्याला गरिबीने लावली होती.

८/
१८७७ च्या सुमारास या कारकुनाने सुट्टीतील प्रवासासाठी छायाचित्रणाचे सामान घेतले. भलामोठा कॅमेरा, जड तिपाई, तंबू, काचा, रसायने, पाण्याचे भांडे. सामान हाताळायला शिकण्याचे ५ डॉलर आणखी वेगळे. हे ओझे म्हणजे घोड्यावर लादण्याचा माल आहे, असे वर्णन त्याने स्वतःच केले. तो प्रवास घडलाच नाही. पण ओझे कमी कसे करावे हा ध्यास मात्र त्याच्या मनात घर करून बसला.

९/
त्या ध्यासातून १८८८ मध्ये कोडॅक आला. किंमत २५ डॉलर, आत १०० चित्रांची फिल्म आधीच भरलेली, आणि सोबत खांद्याला अडकवण्याजोगी चामड्याची पेटी. चित्रे संपली की कॅमेरा तसाच रॉचेस्टरला पाठवायचा; १० डॉलर घेऊन कंपनी चित्रे धुऊन, छापून, नवी फिल्म भरून परत करी. घोडागाडीची जागा चामड्याच्या एका पेटीने घेतली.

१०/
येथे थोडे गणित मांडावे. १०० चित्रांना १० डॉलर, म्हणजे दर चित्रामागे १० सेंट. कॅमेरा केवळ अडीच वेळा भरला की भरणावळ खुद्द कॅमेऱ्याच्या किमतीएवढी होई. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, त्याचा पुढचा खर्च मात्र कायमचा मागे लागतो, हे सत्य तेव्हाच्या ग्राहकालाही उमगले. कंपनीला ते त्याच्याही आधी उमगले होते.

११/
म्हणूनच १९०० मध्ये कोडॅकने ब्राउनी हा पुठ्ठ्याचा पेटी-कॅमेरा अवघ्या १ डॉलरला काढला. ६ चित्रांची फिल्म १५ सेंटला. धुण्याचा खर्च निराळा. जाहिराती मुलांना उद्देशून होत्या, नावही पामर कॉक्स यांच्या लोकप्रिय चित्रकथांतील बुटक्यांवरून घेतले होते. पहिल्याच वर्षी एक लाखाहून अधिक कॅमेरे खपले. खाऊचे पैसे साठवून घेता येईल असा कॅमेरा इतिहासात प्रथमच आला होता.

१२/
आता पुन्हा फाळके. गोध्र्यात छायाचित्रकाराचा व्यवसाय केलेला, छपाईत नाव कमावलेले हे गृहस्थ १९११ मध्ये पडद्यावरील ख्रिस्तचरित्र पाहून झपाटले. आरंभी त्यांनी लहानसा फिल्म-कॅमेरा आणि रिळे आणली आणि मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडून पाहिली. रोजच्या जागरणांनी दृष्टी अधू झाली, उपचार घ्यावे लागले. मोठी खरेदी करण्यापूर्वी स्वस्त साधनावर हात बसवावा, हा शहाणपणा त्यांनी डोळ्यांची किंमत देऊन पाळला.

१३/
लंडनमध्ये ते थेट दुकानात शिरले नाहीत. आधी ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. लंडनमध्येच निर्मात्यांना अपयश येते आहे, हिंदुस्थानची हवाही या धंद्याला मानवणार नाही, असे सांगून संपादकांनी आधी त्यांना परावृत्त केले. पाहुण्याची चिकाटी पाहून मात्र त्यांनीच वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. फाळक्यांनी तेथील सारे विभाग हिंडून काम पाहिले आणि त्या दोघांच्या सल्ल्याने निवड केली: विल्यमसन कॅमेरा, किंमत ५० पौंड.

१४/
तेव्हाच्या दराने एक पौंड म्हणजे १५ रुपये. अर्थात कॅमेरा ७५० रुपयांना पडला. उचललेल्या कर्जाच्या दहाव्या हिश्शाहूनही ही रक्कम कमी होती. उरलेल्या पैशातून बोटीचे भाडे, लंडनमधील मुक्काम, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र हे सारे भागवायचे होते. केवळ कॅमेऱ्यापुरता पैसा जोडणारा माणूस अर्ध्या वाटेत अडकतो. फाळक्यांनी संपूर्ण वाटेचा हिशेब केला होता.

१५/
१ एप्रिल १९१२ ला ते परतले. यंत्रसामग्री मे महिन्यात मुंबईला पोहोचली. दादरच्या घरीच कारखाना उभा राहिला. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली आणि अंधाऱ्या खोलीत तासन् तास केली. स्वयंपाक, मुले आणि पुढे कंपनीतील माणसांचे जेवणखाण सांभाळून हे चाले.

१६/
भांडवल तरीही अपुरेच होते. तेव्हा फाळक्यांनी वाटाण्याचे रोप कुंडीत लावून महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटभराचा चित्रपट धनकोंना दाखवला. नव्या कॅमेऱ्याची पहिली कमाई म्हणजे हा विश्वास. कर्ज मिळाले, सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

१७/
ज्या काळात दादरला चित्रपटाच्या फिल्मला भोके पाडली जात होती, त्याच काळात जर्मनीत वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक तसल्याच ३५ मिलीमीटर फिल्मकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. त्यांना दमा होता. डोंगरवाटांवर काचेचा जड कॅमेरा नेणे त्यांना झेपेना. १९१३-१४ मध्ये त्यांनी चित्रपटाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा घडवला. १९२५ मध्ये तो ‘लायका’ नावाने बाजारात आला. घोडागाडीतला कॅमेरा आता कोटाच्या खिशात मावू लागला.

१८/
ओझे घटले तसा थाट वाढला. १९२८ मध्ये कोडॅकने खास स्त्रियांसाठी ‘व्हॅनिटी’ कॅमेरे काढले. पाच रंगांत, पाच पक्ष्यांच्या नावांनी, आणि रंगाला जुळणाऱ्या रेशमी अस्तराच्या डबीसह. लगोलग ‘आँसाँब्ल’ आला. त्याच्या पिशवीत कॅमेऱ्याशेजारी आरसा, पावडर आणि लिपस्टिक होती. पिशवी आता वेशभूषेचा भाग झाली. स्त्रीच्या हाती कॅमेरा देताना तो दागिन्यासारखा दिला जात होता.

१९/
मुंबईत मात्र एक तरुणी कॅमेरा कामाचे हत्यार म्हणून शिकत होती. होमाई व्यारावाला, जन्म १९१३, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. पुढे पती झालेल्या माणेकशा यांच्याकडून त्या छायाचित्रण शिकल्या. दोघे मिळून एकच रोलायफ्लेक्स वापरीत. मुंबईचे रस्ते, बाजार, वर्गमैत्रिणी यांची त्यांची प्रारंभीची चित्रे छापून आली ती पतीच्या नावाने.

२०/
१९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसलेली, खांद्यावर अवजड सामान घेऊन सायकलवरून फिरणारी ही छायाचित्रकार सत्तांतराच्या साऱ्या प्रसंगांना हजर होती. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर मत देणाऱ्या काँग्रेस नेत्यांचे हात त्यांच्याच भिंगाने टिपले. त्यांच्या सामानात लिपस्टिकचा कप्पा नव्हता. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

२१/
स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी कॅमेरा मध्यमवर्गाला दुर्मीळ झाला. बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-३ ने ही पोकळी भरली. एका रिळात १२ चौकोनी चित्रे, म्हणून लग्नात, सहलीत प्रत्येक खटका विचार करून दाबला जाई. कॅमेरा तपकिरी चामड्याच्या कव्हरात, कपाटाच्या वरच्या खणात. गंमत अशी की कोकणच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत बंद चामडे ओल धरते आणि भिंगावर बुरशी चढते. जपणुकीच्या हौसेनेच कित्येक कॅमेरे आंधळे झाले.

२२/
कडक चामड्याचा काळ १९७० च्या दशकात ओसरला. ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’चे छायाचित्रकार जिम डोमके यांना पेटीसारख्या बॅगा धावपळीत अडचणीच्या वाटत, त्यांनी मऊ कॅनव्हासची, पटकन हात घालता येईल अशी पिशवी शिवून घेतली. इंग्लंडात मार्टिन बिलिंगहॅम १९७३ पासून मासेमारीच्या पिशव्या करीत होते. १९७८ मध्ये त्यांच्या ध्यानात आले की न्यूयॉर्कमध्ये त्या पिशव्या गळ टाकणारे घेतच नाहीत, छायाचित्रकार घेतात! आज ऐटीची मानली जाणारी ही बॅग मुळात माशांसाठी होती.

२३/
आजही मुंबईच्या बोरा बाजारात एखादा विद्यार्थी काचेपलीकडच्या कॅमेऱ्याकडे पाहत मनाशी आकडे जुळवतो: बॉडी नवी की जुनी, भिंग कोणते, बॅगेला किती उरतील. त्याने फाळक्यांचा हिशेब अवश्य आठवावा. आधी हात बसवणे, मग जाणत्यांना विचारणे, आणि यंत्राच्या किमतीपेक्षा पुढच्या खर्चाची तरतूद मोठी ठेवणे.

२४/
छायाचित्राखाली छायाचित्रकाराचे नाव छापतात, आणि तेही कधी चुकीचे. ते यंत्र ज्यांच्यामुळे हाती आले त्यांची नावे पाहायची तर घरखर्चाची वही उघडावी लागते. खाणावळी ठेवणारी ईस्टमनची आई, विम्याच्या कागदावर पैसे देणारे यशवंतराव नाडकर्णी, दागिने काढून देऊन फिल्मला भोके पाडत बसलेल्या सरस्वतीबाई. घरातील जुना कॅमेरा कपाटातून काढाल, तेव्हा तो कोणी वापरला याबरोबरच त्याचे पैसे कोणी साठवले, हेही आजी-आजोबांना विचारून ठेवा.