सूत : वस्तू आणि प्रतीक – भारतीय विचारपरंपरेतील धाग्याचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : सूत, तंतू, सूत्र, यज्ञोपवीत, चरखा, कातणारी स्त्री, खादी.

प्रस्तावना :

मराठी भाषेत सूत जुळते, माणूस सुतासारखा सरळ येतो, कोणी सुतावरून स्वर्ग गाठतो आणि गुन्ह्याचे धागेदोरे शोधले जातात. सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला आहे. मोजमापाची दोरी हाती धरणारा, हा त्याचा मूळ अर्थ होय. व्याकरणाचे सूत्र, नाटकातील सूत्रधार, वधूचे मंगळसूत्र आणि बटूचे ब्रह्मसूत्र हे सर्व शब्द एकाच धाग्यातून निघाले आहेत. एका साध्या वस्तूने तत्त्वज्ञान, धर्मविधी आणि व्यवहार या तिन्ही क्षेत्रांत इतका विस्तार पावावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. मात्र धाग्याच्या प्रतीकाविषयी लिहिताना तो कातणाऱ्या हातांचा विचार क्वचितच केला जातो. प्रतीकाचा इतिहास धर्मग्रंथांत आणि श्रमाचा इतिहास अर्थशास्त्रात अशी विभागणी झाल्यामुळे या दोहोंचा संबंध दृष्टीआड झाला आहे. तो संबंध तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे :

१. भारतीय विचारपरंपरेत धाग्याच्या प्रतीकाला प्राप्त झालेले विविध अर्थ समजून घेणे.
२. प्रत्यक्ष सूतकताईच्या इतिहासाशी या अर्थांचा संबंध तपासणे.
३. सूत कातणाऱ्या वर्गाचे, विशेषतः स्त्रियांचे, या इतिहासातील स्थान स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून पुरातत्त्वीय अहवाल, वैदिक व संस्कृत वाङ्मय, संतसाहित्य आणि आधुनिक काळातील नोंदी यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) वस्तुरूप धागा

सूत लवकर कुजते. त्यामुळे प्राचीन धाग्याचे अवशेष दुर्मीळ आहेत आणि जे उरले ते बहुधा धातूच्या सान्निध्यामुळे उरले. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील नवाश्मयुगीन दफनात तांब्याच्या मण्याच्या छिद्रात कापसाचे तंतू मिळाले. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापडाचे तुकडे सापडले. महाराष्ट्रातील पुरावाही याच प्रकारचा आहे. नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन दफनात एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिच्या दोऱ्यात रेशीम व कापूस, तर चांडोली येथील तशाच माळेच्या दोऱ्यात जवसाचा तंतू असल्याचे डेक्कन कॉलेजने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक अहवालात नोंदविले आहे. मण्यांना धरून ठेवणारा धागा येथे मण्यांतील तांब्याच्या क्षारांमुळेच टिकला. उत्खननात सापडणाऱ्या मातीच्या चात्या या कलेच्या दुसऱ्या साक्षीदार होत. तत्त्वचिंतनात धाग्याची उपमा येण्यापूर्वी कित्येक शतके तो या भूमीतील घराघरात कातला जात होता, हे यावरून स्पष्ट होते.

आ) सूत्र : जोडणारे तत्त्व

ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील नवव्या सूक्तात कवी ताणा व बाणा आपल्याला उमगत नसल्याचे सांगतो. दहाव्या मंडलातील १३० व्या सूक्तात यज्ञाचीच कल्पना मागावर ताणलेल्या वस्त्रासारखी केली आहे. अथर्ववेदात सर्व प्रजा ज्यात ओवल्या आहेत, त्या सूत्राचा उल्लेख येतो. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात या उपमेला प्रश्नाचे रूप मिळते. हे सर्व जग कशात ओतप्रोत आहे, असे गार्गी याज्ञवल्क्याला विचारते. ‘ओत’ आणि ‘प्रोत’ हे शब्द विणकामातील उभ्या-आडव्या धाग्यांचे आहेत. त्यानंतर उद्दालक आरुणी सर्व भूतांना गुंफणाऱ्या सूत्राविषयी विचारतो. वायू हेच ते सूत्र, असे याज्ञवल्क्याचे उत्तर आहे. म्हणूनच माणूस मेल्यावर त्याचे अवयव विस्कळीत झाले असे म्हणतात, असेही तो सांगतो. दोरा तुटला की मणी विखुरतात, या रोजच्या अनुभवावर हे उत्तर उभे आहे.

भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात सूत्रात ओवलेल्या मण्यांची उपमा आली आहे. तीवर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये एक महत्त्वाचा बदल केला. ज्ञानेश्वरीत मणी सोन्याचे आहेत आणि ते ज्यात ओवले ते सूतही सोन्याचेच आहे. सामान्य माळेत मणी व दोरा ही भिन्न द्रव्ये असतात. ज्ञानेश्वरांनी ही भिन्नताच काढून टाकली आणि उपमेला अद्वैताचा अर्थ दिला.

दर्शनांमध्ये तंतू व पट यांचा दृष्टांत कार्यकारणभावाच्या वादाचे केंद्र ठरला. न्याय-वैशेषिकांच्या मते पट हे तंतूंहून वेगळे, नव्याने उत्पन्न झालेले द्रव्य आहे. तंतू हे त्याचे समवायी कारण होय. सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीपासूनच असते. पट म्हणजे विशिष्ट रचनेतील तंतूच. बौद्धांनी अवयवांहून वेगळा अवयवी मानण्यासच नकार दिला. ब्रह्मसूत्रांनीही पटाचा दृष्टांत स्वीकारला. शतकानुशतके चाललेल्या या वादात तंतूचा विचार सूक्ष्मपणे झाला. मात्र पटाचे निमित्तकारण म्हणून येथे विणकर येतो; तंतू कोणी कातला, हा प्रश्न वादकक्षेत येत नाही. कापसाचा तंतू निसर्गात तयार सापडत नाही. सरकी काढून, पिंजून, पेळू करून तो कातावा लागतो. दर्शनांनी तंतू गृहीत धरला आणि त्यामागील श्रमही गृहीत धरले.

इ) उपवीत : भेद दर्शविणारे चिन्ह

जोडणाऱ्या धाग्याला भेद दर्शविण्याचे कार्य कसे प्राप्त झाले, याचे उत्तर उपवीताच्या इतिहासात मिळते. तैत्तिरीय आरण्यकात उपवीतासाठी मृगाजिन किंवा वस्त्र सांगितले आहे. डाव्या खांद्यावरून उजव्या हाताखाली उत्तरीय घेण्याची ती पद्धत होती. आपस्तंब धर्मसूत्रात गृहस्थासाठी उत्तरीय सांगून त्याऐवजी केवळ सूत्रही चालेल, असा पर्याय दिला आहे. म. म. पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथात या स्थित्यंतराची चर्चा केली आहे. पर्याय म्हणून आलेले सूत्र पुढे हेच उपवीत ठरले. मनुस्मृतीत ब्राह्मणासाठी कापसाचे, क्षत्रियासाठी तागाचे आणि वैश्यासाठी लोकरीचे उपवीत सांगितले आहे. म्हणजेच धाग्याच्या द्रव्यावरून वर्ण ओळखता यावा, अशी ही व्यवस्था होती. शूद्रांना त्यात स्थान नव्हते. स्त्रियांच्या उपनयनाचे उल्लेख हारीतासारख्या प्राचीन धर्मसूत्रकारांच्या वचनांत आढळत असले, तरी पुढील स्मृतींनी विवाह हाच स्त्रीचा उपनयनसंस्कार ठरविला.

महाराष्ट्राच्या इतिहासात या धाग्याचे राजकीय वजन वारंवार दिसून येते. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वी गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली त्यांची मुंज करावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात उद्भवलेल्या वेदोक्त प्रकरणाच्या मुळाशी हाच अधिकाराचा प्रश्न होता. ज्याने स्वराज्य स्थापिले, त्यालाही अभिषेकापूर्वी काही पदरी सुताची आवश्यकता भासली, यावरून प्रतीकाची सत्ता लक्षात येते.

याउलट घरगुती आचारात धागा सर्वांचा राहिला. श्रावणातील पोवते, अनंतचतुर्दशीचा चौदा गाठींचा दोरा, वटपौर्णिमेला वडाला गुंडाळलेले सूत आणि देवासाठी कापसाची केलेली वस्त्रे यांपैकी बहुतेक विधींत धागा स्त्रियांच्या हाती आहे. ज्यांना उपवीताचा अधिकार नाकारला गेला, त्यांच्याच हातांत सुताचे दैनंदिन धर्मजीवन सांभाळले गेले.

ई) कातणारे हात

कातणाऱ्यांविषयी सविस्तर माहिती देणारा प्राचीन ग्रंथ म्हणजे कौटिलीय अर्थशास्त्र होय. त्यातील सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात विधवा, अपंग स्त्रिया, कन्या, संन्यासिनी, दंड फेडणाऱ्या स्त्रिया, वृद्ध राजदासी आणि देवसेवेतून निवृत्त झालेल्या देवदासी यांच्याकडून लोकर, वल्कल, कापूस, ताग व जवस यांचे सूत कातून घ्यावे, असे सांगितले आहे. सूत बारीक, मध्यम की जाड हे पाहून वेतन ठरवावे. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांकडे दासींमार्फत काम पोहोचवावे. ज्या स्वतः सूत्रशाळेत येतील, त्यांच्या सुताची व वेतनाची देवघेव पहाटे करावी आणि दिवा केवळ सूत पारखण्यापुरता असावा. स्त्रीच्या मुखाकडे पाहणाऱ्या, कामाव्यतिरिक्त बोलणाऱ्या किंवा वेतनास विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दंड आहे. त्याचबरोबर वेतन घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीचा अंगठा व तर्जनी यांची पकड छेदण्याची शिक्षाही आहे. ज्या दोन बोटांत सूत वळले जाते, तीच ही बोटे होत. संरक्षण आणि क्रौर्य येथे एकाच प्रकरणात शेजारी नांदतात. कताई हा आधार नसलेल्या स्त्रीचा आधार होता, हे मात्र यातून निर्विवादपणे दिसते.

विणकरांची स्थिती तुलनेने वेगळी होती. नाशिक येथील लेण्यांतील उषवदाताच्या लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २००० व १००० कार्षापणे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. २००० कार्षापणांच्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा खर्च भागविला जाई. विणकरांची श्रेणी होती, पत होती आणि शिलालेखात स्थान होते. त्यांना सूत पुरविणाऱ्या हातांची नोंद या लेखात नाही.

चरखा भारतात तुलनेने उशिरा आला. इरफान हबीब यांच्या संशोधनानुसार त्याचा निश्चित उल्लेख इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या १३५० च्या फारसी काव्यात आढळतो. बहमनी आश्रयाखाली दख्खनमध्ये पूर्ण झालेल्या या काव्यात रझिया सुलतानच्या संदर्भात स्त्रीची जागा चरख्यापाशी असल्याचे म्हटले आहे. यंत्राची नोंद होते तीच स्त्रीची मर्यादा सांगण्यासाठी, ही बाब बोलकी आहे.

उ) संतपरंपरा : श्रमातून आलेले प्रतीक

मध्ययुगीन संतांमुळे धाग्याच्या प्रतीकात मूलभूत परिवर्तन घडले. कन्नड वचनकार जेडर दासिमय्या विणकर होते, नामदेव शिंपी होते, तर कबीर विणकर. येथे उपमा देणारा आणि काम करणारा ही एकच व्यक्ती आहे. गुरुग्रंथसाहिबातील एका पदात नामदेव मनाला गज आणि जिभेला कातर करून आपल्या व्यवसायालाच नामस्मरणाचे रूप देतात. कबीरांच्या नावावर प्रचलित असलेल्या पदांत देह ही बारीक विणीची चादर होते. गुरू नानकांनी ‘आसा दी वार’ मध्ये जानव्यालाच आव्हान दिले. दयेचा कापूस आणि संतोषाचे सूत असलेले, न तुटणारे व न मळणारे जानवे त्यांनी मागितले. उपवीताला त्यांनी कापूस आणि कताई यांची आठवण करून दिली, असे म्हणता येईल.

ऊ) गिरणी, चरखा आणि राष्ट्र

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील यंत्राचे सूत भारतात येऊ लागले. त्याचा पहिला आघात विणकरांपेक्षा कातणाऱ्या स्त्रियांवर झाला. विणकराला स्वस्त सूत मिळाल्याने त्याचा माग काही काळ तग धरू शकला, परंतु चरखा थांबला. १८२८ साली ‘समाचार दर्पण’ या बंगाली पत्रात शांतिपूर येथील एका विधवेचे पत्र प्रसिद्ध झाले. तिने सूत कातून मुलींना वाढविले, त्यांची लग्ने केली. विणकर तिच्या दारी येऊन सूत नेत असत. पुढे ते येईनासे झाले, तेव्हा चौकशी केल्यावर विलायती सुताची बातमी तिला कळली. इतक्या स्वस्त दराने सूत विकणारे लोक आपल्याहूनही दुःखी असावेत, असा तर्क तिने केला. आपले पोट बुडविणाऱ्या सुतामागेही कोणीतरी कातणारे असेल, हे तिने ओळखले. तत्त्ववेत्त्यांच्या दृष्टीतून निसटलेला प्रश्न या पत्रात सहज उपस्थित झाला आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापूस गिरणीची स्थापना केली आणि सूत हा देशी कारखानदारीचाही विषय झाला. महात्मा गांधींनी चरख्याचा पुरस्कार ‘हिंद स्वराज्य’मध्येच केला असला, तरी तोपर्यंत हातमाग किंवा चरखा पाहिल्याचे आठवत नाही, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे गंगाबेन मजुमदार यांनी बडोदा संस्थानातील विजापूर येथे तो शोधून काढला. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वासाठी दरमहा २००० वार सुताची अट घालण्यात आली. स्वतः न कातणाऱ्यास दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची मुभा होती. १९२५ मध्ये ही अट ऐच्छिक झाली. प्रतीक विकत घेता येते, हा धडा या अल्प काळात मिळाला. त्यानंतर १९३५ साली अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. वर्धा परिसरात विनोबा भावे यांनी स्वतः दीर्घकाळ कातून त्या मजुरीत जगता येते काय, याचा प्रयोग केला. खादीचा भाव वाढला तरी चालेल, परंतु कातणारी उपाशी राहू नये, ही या धोरणामागील भूमिका होती.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या राष्ट्रध्वजावर चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. चरखा चिन्हातून गेला, पण कापडात राहिला. २००२ च्या ध्वजसंहितेनुसार ध्वज हाताने कातलेल्या व विणलेल्या खादीचा असणे आवश्यक होते. ३० डिसेंबर २०२१ रोजी झालेल्या दुरुस्तीने यंत्रनिर्मित व पॉलिस्टर ध्वजांनाही परवानगी मिळाली. ध्वज त्यामुळे अधिक घरांपर्यंत पोहोचू शकला, मात्र हातकताईची अट संपली. उत्तरीयाला पर्याय म्हणून सूत्र आले, तेव्हाही असेच काहीसे घडले होते. वस्तू बदलली आणि चिन्ह तेच राहिले.

निष्कर्ष :

१. भारतीय विचारातील धाग्याचे प्रतीक माळ ओवणे, कातणे व विणणे या प्रत्यक्ष अनुभवांतून निर्माण झाले आहे. कारागिरीचा इतिहास वगळून त्याचा अर्थ पूर्णपणे लागत नाही.

२. धागा हा उपनिषदांत ऐक्याचे, तर स्मृतींत भेदाचे चिन्ह ठरला. हा फरक धाग्यात नसून तो धारण करण्याचा अधिकार कोणाला दिला गेला, यात आहे.

३. विणकरांना श्रेणी, शिलालेख व संतवाणी यांतून इतिहासात स्थान मिळाले. कातणाऱ्या स्त्रिया मुख्यतः नियम, दंड आणि तक्रार यांच्या निमित्तानेच नोंदल्या गेल्या.

४. दासिमय्या, नामदेव, कबीर यांच्यापासून विनोबांपर्यंत ज्यांनी प्रतीक आणि श्रम एकत्र ठेवले, त्यांच्याकडे धागा सर्वांसाठी खुला राहिला. श्रमापासून तुटलेले प्रतीक अधिकाराचे किंवा बाजाराचे साधन होण्याची शक्यता वाढते.

याज्ञवल्क्याने सर्व भूतांना गुंफणारे सूत्र सांगितले, तर शांतिपूरच्या विधवेने आपल्या हातातील सूत का विकले जात नाही, हे विचारले. पहिल्या सूत्रावर विपुल भाष्ये उपलब्ध आहेत. दुसऱ्या सुताचा इतिहास गावोगावच्या कताई केंद्रांच्या नोंदींतून आणि वृद्ध कातणाऱ्या स्त्रियांच्या आठवणींतून लिहिला जाणे आवश्यक आहे.