माग चालू ठेवा

गिरणी बंद पडली की पुढे काय होतं, हे मुंबईच्या माणसाला सांगावं लागत नाही. एक तर ती पाडतात, नाहीतर धुराडं तेवढं ठेवून भोवती मॉल उभा राहतो. लोअर परळला फिनिक्स मिलचं तसंच झालं. माझे आजोबा त्याच भागातल्या एका गिरणीत १९८२ च्या संपापर्यंत साच्यावर होते. त्यामुळे याहून वेगळं काही करता येतं का, हा प्रश्न माझ्यासाठी घरचा आहे.

गेल्या वर्षी कामानिमित्त बॉस्टनला होते, तेव्हा एका रविवारी लोकलने लोवेलला गेले. मेरिमॅक नदीकाठचं हे गाव. नदी इथे साधारण ३० फूट खाली उतरते आणि त्या उताराच्या जोरावर १८२३ मध्ये इथली पहिली मोठी कापड गिरणी सुरू झाली. मग सुमारे ९ किलोमीटरचे कालवे झाले. कालव्यांची कंपनी गिरण्यांना पाणी मोजून विकायची. त्याचं एकक होतं ‘मिल पॉवर’, म्हणजे ३,५८४ चात्या चालवायला लागेल इतकं पाणी. आम्ही आज क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेतो, त्याचाच हा पणजोबा.

गिरण्यांत काम करायला आल्या त्या आसपासच्या खेड्यांतल्या मुली. कंपनीच्या वसतिगृहात राहायचं, घंटेवर उठायचं, दिवसाचे बारा-तेरा तास उभं राहायचं. १८३४ मध्ये मजुरी कापली तेव्हा त्यांनी संप केला, १८३६ मध्ये पुन्हा केला. १८४५ मध्ये सेरा बॅगली आणि तिच्या मैत्रिणींनी दहा तासांच्या दिवसासाठी राज्याच्या विधिमंडळापुढे साक्ष दिली. मागणी मान्य झाली नाही. भोंग्यावर धावणारा, खानावळवाल्या बाईकडे जेवणारा आपला कोकणातला चाकरमानी इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

विसाव्या शतकात लोवेलच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९६० च्या दशकात काही इमारती पाडल्या गेल्या, कालवे बुजवायचीही भाषा झाली. तेव्हा पॅट्रिक मोगन नावाच्या शिक्षकाने वेगळी कल्पना मांडली: अख्खं गावच शाळेचा वर्ग समजू या. तिचा पाठपुरावा होत होत १९७८ मध्ये लोवेलला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यान म्हणजे झाडं नाहीत; गिरण्या, कालवे, वसतिगृहं.

नदीकाठच्या बूट मिलमध्ये आज संग्रहालय आहे आणि मुलांसाठी शिक्षण केंद्रही. खालच्या मजल्यावर ८८ यंत्रमाग आहेत आणि त्यांतले काही खरोखर चालवतात. आत जाताना कानात घालायला बोळे देतात. जमीन पायाखाली थरथरते, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आजोबा घरात कायम मोठ्याने बोलायचे. आजी म्हणायची, साच्यांच्या आवाजात जन्म गेला, आता हळू कसं बोलणार? तिच्या बोलण्याचा अर्थ मला त्या मजल्यावर कळला. फोटोंच्या प्रदर्शनातून तो कळला नसता.

दुसरी गोष्ट मुलांच्या हातांची. इथे शाळेची मुलं स्वतः विणतात, असेंब्ली लाइनवर उभी राहतात, छोटे कालवे आणि पाणचक्क्या बांधून पाणी सोडून बघतात. चक्की फिरली नाही तर पुन्हा बांधायची.

तिसरी गोष्ट हिशोबाची. लोवेलचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता, आणि इथलं जाडंभरडं कापड पुन्हा गुलामांच्याच अंगावर जायचं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला, लोवेलच्या अनेक गिरण्यांनी कामगार काढले. त्याच अडलेल्या कापसाने इकडे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबई श्रीमंत झाली. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. नदीकाठच्या त्या एका इमारतीचा धागा असा आपल्या शेतापर्यंत येतो.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं काम महापालिकेने हाती घेतलं आहे. सामग्रीची कमतरता नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांची तोंडी सांगितलेली आख्खी कहाणी पुस्तकात जमवली आहे. तळं, कारंजी, रोषणाई हे सगळं खुशाल करा. पण इमारत राखणं आणि काम राखणं यांत फरक आहे. विटा जपल्या आणि कामगार गाळला, तर ती फक्त छान जुनी इमारत उरते.

म्हणून नकाशावर आधी एक खोली आखा. तिच्यात चार साचे चालू ठेवा आणि ते चालवायला, दुरुस्त करायला, मुलांना धोटा हातात द्यायला जुने साचेवाले पगारावर ठेवा. हे लवकर करावं लागेल. संपाच्या वेळी जे पंचविशीत होते, ते आता पासष्टी ओलांडून गेले आहेत.