जहाजातून आलेली इमारत

काळा घोड्याच्या फूटपाथवरून जाताना एस्प्लनेड मॅन्शनकडे मान वर करून बघावं. आजूबाजूच्या इमारती बघितल्या की भिंती दिसतात. इथे आधी खांब दिसतात. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. एकावर एक मजल्यांनी चढत गेलेले, आणि त्यांच्या मधोमध प्रत्येक मजल्याला लांबच लांब सज्जा. भिंत नुसती मधली जागा भरायला आहे. सगळा भार सांगाड्यावर. मुंबईचे आजचे टॉवर याच रीतीने उभे राहतात, फक्त आता सांगाडा आरसीसीचा किंवा पोलादाचा असतो. ही रीत शहराने पहिल्यांदा ठळकपणे पाहिली ती इथे, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी.

हिचं कूळ लंडनचं. 1851 च्या प्रदर्शनासाठी तिथे क्रिस्टल पॅलेस उभा राहिला आणि कारखान्यात भाग ओतून जागेवर नुसते जोडायचे, ही पद्धत जगाने पाहिली. इकडे 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, त्यामुळे कापसाचा पैसा शहरात धो धो वाहत होता. मोकळ्या झालेल्या जमिनीचे प्लॉट विकले जाऊ लागले. त्यातला एक जॉन वॉटसन या कापडाच्या इंग्रज व्यापाऱ्याने घेतला आणि आराखड्याचं काम रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरला दिलं. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या अवाढव्य छपराच्या कामात आणि रॉयल अल्बर्ट हॉलच्या घुमटात ज्याचा हात होता, तोच हा ऑर्डिश.

खांब, तुळया असे सुटे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले आणि जहाजाने इथे आले. सुएझ कालवा खुला झाला 1869 च्या नोव्हेंबरात. इमारतीचा सांगाडा तोवर बराचसा चढला होता. म्हणजे हे सगळं वजन आफ्रिकेला वळसा घालून आलेलं असणार. एखादा खांब वाटेत तडकला असता तर दुसरा यायला किती महिने लागले असते, याचा विचार केला की त्या जुळणीमागच्या हिशेबाला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

या इमारतीत वॉटसनचं हॉटेल 1871 पर्यंत सुरू झालं आणि गाजलं. हिंदी माणसाला तिथे पाहुणा म्हणून प्रवेश नव्हता, हेही त्याच्या कीर्तीचाच भाग. त्या अपमानातून जमशेटजी टाटांनी ताज उभारलं, ही कथा मुंबईत सर्वतोमुखी आहे; तिला भक्कम आधार नाही आणि ताजच्या थोरवीला तिची गरजही नाही. 1896 च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला होता. मुंबईच्या कावळ्यांवर त्याने केवढ्या प्रेमाने लिहिलंय!

मला या वास्तूचा सगळ्यात मोठा दिवस वाटतो तो 7 जुलै 1896. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा इथे दाखवली गेली; तिकीट एक रुपया. आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. या खेळांच्या प्रेक्षकांमध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते, मुंबईचे फोटोग्राफर, सगळ्यांचे सावेदादा. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळक्यांच्याही चौदा वर्षं आधी एका मराठी माणसाने चित्रपटाची वाट धरली, ती या खेळांमुळे.

1903 मध्ये ताज उघडलं आणि वॉटसनचा काळ संपत गेला. हॉटेल बंद पडलं, दालनांना पार्टिशनं लागली, भाडेकरू आले. कोर्ट जवळ, म्हणून वकिलांच्या कचेऱ्या. देखभाल मात्र कुणाचीच नाही. 2005 मध्ये सज्जाचा काही भाग कोसळून एक जण दगावला. 2019 मध्ये इमारत रिकामी झाली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडावी असं सांगितलं, वारसातज्ज्ञांनी ती वाचवता येईल असा आग्रह धरला.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. बीड दाब उत्तम झेलतं, ताण आला की तडकतं. त्याला डागडुजी सोसत नाही, हे खरं. पण ही इमारत सुट्या भागांची आहे, आणि तिचे खांब एकाच साच्यातून पुन्हा पुन्हा ओतलेले आहेत. शाबूत खांबावरून साचा घेता येतो. हल्ली त्यासाठी इंग्लंड गाठायला नको. कोल्हापूरच्या फाउंड्र्या यंत्रांसाठी याहून अवघड कास्टिंग रोज ओततात.