दुबईत घर रिकामे करण्याची नोटीस : वैध कोणती, अवैध कोणती?

‘महिनाभरात घर सोडा’ असा घरमालकाचा व्हॉट्सॲप संदेश येताच दुबईतील अनेक भाडेकरू निमूटपणे सामानाची बांधाबांध सुरू करतात. कायद्याने मात्र अशा संदेशावरून कोणालाही घराबाहेर काढता येत नाही. २००७ चा कायदा क्रमांक २६ आणि २००८ च्या कायदा क्रमांक ३३ ने त्यात झालेल्या दुरुस्त्या यासंबंधीचे नियम ठरवतात.

कराराची मुदत चालू असताना

नोटीस मिळूनही ३० दिवसांत थकीत भाडे न भरणे, लेखी संमतीविना पोटभाडेकरू ठेवणे, घराचा बेकायदा कामासाठी वापर करणे अशा ठरावीक कारणांवरूनच निष्कासनाची मागणी करता येते.

मुदत संपल्यावर

येथे मुख्य कारणे चार : पाडकाम अथवा पुनर्बांधणी, घर रिकामे केल्याविना न होणारी मोठी दुरुस्ती, घरमालकाचा वा त्याच्या निकटच्या नातलगांचा स्वतःचा वापर आणि विक्री. यांपैकी कोणत्याही कारणासाठी नोटरीमार्फत वा नोंदणीकृत टपालाने, कारण नमूद करून, १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. स्वतःच्या वापरासाठी घर मागणाऱ्या मालकाला आपल्याकडे दुसरे योग्य घर नसल्याचे सिद्ध करावे लागते. ताबा मिळाल्यानंतर किमान दोन वर्षे ते निवासी घर त्याला इतरांस भाड्याने देता येत नाही. हा नियम मोडल्यास जुना भाडेकरू भरपाई मागू शकतो. चालू करारात घर विकले गेले, तरी भाडेकरूचा राहण्याचा हक्क अबाधित राहतो.

वीज-पाणी तोडल्यास

सेवा खंडित करणे वा घराच्या उपभोगात अडथळा आणणे यास कलम ३४ ने मनाई आहे. मग भाडे थकलेले का असेना. अशा वेळी पोलिसांकडे तक्रार करून प्रकार नोंदवून घ्यावा आणि भरपाईसाठी भाडे विवाद निवारण केंद्राकडे अर्ज करावा. ‘इजारी’त नोंदवलेला करार, भाडे भरल्याच्या पावत्या आणि आलेले संदेश जपून ठेवावेत.

कंपनीने विनामूल्य दिलेल्या निवासाला मात्र हा कायदा लागू नाही. नोकरी गेल्यास तेथे हे संरक्षण मिळत नाही, हे नोकरीचा करार करतानाच ध्यानात घेतलेले बरे.