वर्गात गप्प कोण बसतं?

कॉलेजच्या वर्गात मागच्या बाकांवर एक ठरावीक शांतता असते. प्रश्न इंग्रजीत येतो, पुढचे चार-पाच जण बोलतात, बाकीचे वहीत डोकं घालतात. या गप्प बसण्याला आपण 'लाजाळूपणा' म्हणतो, नाहीतर 'बेसिक कच्चं आहे' म्हणून मोकळे होतो. शर्मिला रेगे यांनी मात्र या शांततेलाच अभ्यासाचा विषय केलं. म्हणून मला त्या आजही जवळच्या वाटतात.

रेगे (१९६४-२०१३) पुणे विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. पुढे तिथल्याच क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राची धुरा त्यांनी सांभाळली. त्यांच्या संशोधनाचे विषय बघा: लावणी, सत्यशोधकी जलसे, गणेशोत्सवातले मेळे, दलित स्त्रियांची आत्मकथनं. तेव्हाच्या अभ्यासक्रमात यातलं बरंचसं 'लोककला' किंवा 'साहित्य' या खात्यात टाकलं जायचं. रेगेंना त्यात समाजाची रचना दिसत होती. १९९५ साली लावणी कलावंतांवर लिहिताना त्यांनी विचारलं, की नाचणारी बाई कुठल्या जातीची, बघणारा कोण आणि तिच्या श्रमांवर मालकी कुणाची? लावणीकडे नुसती 'मराठमोळी परंपरा' म्हणून बघणाऱ्याला हे प्रश्न सुचत नाहीत.

२००६ मध्ये त्यांचं दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे यांचं लेखन आपण बऱ्याचदा 'किती सोसलं यांनी' असं म्हणत वाचतो, हळहळतो आणि पुस्तक मिटतो. रेगेंना ही हळहळ पुरेशी वाटत नव्हती. त्यांच्या मते ही एकेका बाईची दुःखकथा नाही, ती अख्ख्या समूहाची साक्ष आहे. त्यातून जात आणि पितृसत्ता एकमेकींना कशा धरून असतात, याचं ज्ञान मिळतं. म्हणजे बेबीताई या अभ्यासाचा 'नमुना' नव्हेत, त्या स्वतः समाजाचा अर्थ लावणाऱ्या आहेत.

एकदा हे मान्य केलं की वर्ग जुन्या पद्धतीने चालवता येत नाही. बेबीताईंना जाणकार मानायचं आणि त्यांच्याच वस्तीतून आलेल्या मुलीला 'कच्ची' ठरवायचं, हे कसं जमणार?

२०१० मधल्या एका लेखात रेगेंनी आपल्या शिकवण्याला जोतीराव फुल्यांच्या 'तृतीय रत्न' या नाटकाशी जोडलं. १८५५ सालच्या या नाटकात जोशीबुवा एका कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. शेवटी ते नवरा-बायको शिकायला निघतात. इथे शिक्षण म्हणजे आपल्याला कोण आणि कसं फसवतं, हे दिसू लागणं. रेगेंना शिक्षण याच अर्थाने हवं होतं. उच्च शिक्षणातल्या आरक्षणामुळे 'दर्जा घसरेल' अशी ओरड त्या काळात चालू होती. रेगेंनी प्रश्न उलटा केला: नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ स्वतःत काय बदल करणार? इंग्रजी येतं म्हणजे बुद्धी आहे, हे समीकरण कोणी ठरवलं?

एक अवघड प्रश्न उरतोच. सवर्ण प्राध्यापिकेने हे का बोलावं? १९९८ च्या एका गाजलेल्या लेखात रेगेंनी यावर भूमिका घेतली. दलित स्त्रियांच्या वतीने बोलणं चूक, पण 'तो त्यांचा प्रश्न आहे' म्हणून बाजूला होणं हीसुद्धा पळवाट. दलित स्त्रीवादी दृष्टी इतरांनीही शिकायची असते, आणि ती शिकताना आधी स्वतःची जागा तपासावी लागते. मला हे उत्तर पटतं, कारण ते सोयीचं नाही.

२०१३ मध्ये, आंबेडकरांचं लेखन स्त्रीवादी अंगाने वाचणारं त्यांचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी कर्करोगाने त्या गेल्या. वय होतं ४८.

आज लेक्चर मोबाइलवर येतं, भाषांतर एका टॅपवर होतं. पण वर्गात कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, ही यादी फारशी बदललेली मला दिसत नाही. पुढच्या तासाला तुम्हीच मोजून बघा.