तळ्याकाठचे शिक्षण

मुलांना चार भिंतींबाहेर, झाडाखाली, ओढ्याकाठी नेऊन शिकवावे हा विचार आज आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य पुस्तकांच्या वाटेने येतो. २००५ साली रिचर्ड लूव्ह या अमेरिकन लेखकाने 'लास्ट चाइल्ड इन द वूड्स' हे पुस्तक लिहून मुलांच्या निसर्गवंचनेकडे लक्ष वेधले आणि या चर्चेला जोर आला. पण विचार जुनाच आहे. महाराष्ट्रात त्याला स्वतःचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा गोंदिया जिल्ह्यातून जातो. शाळेच्या दप्तरात मात्र तो सापडत नाही. तो सापडतो एका तळ्याच्या काठी.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. येथील मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. डोंगरांमधील खिंडी कोठे अडवाव्यात, पाणी कोणत्या उताराने उतरेल, कोणती माती पाळीला टिकेल, हे जाणणारी माणसे कोणत्याही विद्यालयातून बाहेर पडलेली नव्हती. बापाच्या मागे पोर बांधावर जाई, पाहत पाहत हाताशी येई, आणि विद्या एका पिढीकडून दुसरीकडे पोचे. उघड्यावरचे शिक्षण म्हणतात ते येथे होतेच. त्याला शिक्षण म्हणण्याची कोणाला गरज वाटली नाही, इतकेच.

या विद्येचे मोल मराठी वाचकाला कळले ते मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकून वनखात्यात आले आणि नोकरीच्या ओघात नवेगावबांधला पोचले. तेथे त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. तळ्यातले मासे, काठावरचे पक्षी, रानातली झाडे आणि जनावरे यांची माधवरावांची जाण चितमपल्लींनी आपल्या लेखनात पुन्हा पुन्हा कृतज्ञतेने नोंदवली आहे. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेतलेला अधिकारी गावातल्या माणसासोबत तळ्याकाठी हिंडतो आणि त्याच्याकडून शिकतो, ही घटना शिक्षणाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. येथे गुरू कोण आणि शिष्य कोण हे पदावरून ठरले नाही.

या शिक्षणाचे फळ भाषेत दिसते. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द चितमपल्लींनी मराठीत रूढ केले; पक्षिकोशासाठी पाखरांची नावे गोळा केली. ज्याला नाव नाही ते डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही. मुलाने दहा बगळे पाहणे आणि त्यांतला गायबगळा कोणता, ढोकरी कोणती हे ओळखून पाहणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. निसर्गात नेल्याचा लाभ मुलाला खऱ्या अर्थाने होतो तो दुसऱ्या क्रियेत, आणि त्यासाठी शेजारी जाणता माणूस लागतो.

शाळेच्या बाजूनेही या दिशेने प्रयत्न झाले. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरवले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या नयी तालीमची मांडणी झाली. हाताचे काम हेच तिने शिक्षणाचे माध्यम मानले. पण आपल्या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारल्यांची मुले दिवसभर गुरे चारीत, मग शाळेत येणार कशी? दोघींनी प्रश्न उलटा केला आणि शाळाच कुरणात नेली. हीच 'कुरणशाळा'. तिचे मोठेपण केवळ उघड्या आभाळात नाही. गुराखी मूल शाळेला मुकते एवढेच न पाहता, ते जेथे आहे तेथून शिक्षण सुरू करता येते, हे तिने मान्य केले.

गोंदियाच्या संदर्भात हा मुद्दा आजही जिव्हाळ्याचा आहे. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले वेचायची असतात, पुढे तेंदूपत्ता येतो, पावसात धानाची रोवणी. घरच्या माणसांबरोबर मूलही रानात, बांधीत जाते आणि हजेरीपटावर त्याच्यापुढे गैरहजेरी पडते. मुलाला राबवून घेणे याचे समर्थन कोणी करू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्याला वर्गात बसण्याचा हक्क दिला आहे आणि तो मोलाचा आहे. पण त्या गैरहजेरीत मूल जे पाहून येते, त्याची विचारपूस वर्गात होते का? मोहाची फुले पहाटे का गळतात, कोणत्या झाडाला चारोळी धरते, हे सांगू शकणारे मूल परिसराच्या तासाला गप्प बसते; कारण पुस्तकातला परिसर त्याचा नसतो.

सरकारी कागदांत या गोष्टी नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानंतर पर्यावरण शिक्षण शाळांत सक्तीचे झाले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेबाहेरच्या जीवनाशी ज्ञान जोडणे हे पहिले तत्त्व मानले. मोकळ्यावर जाण्याचे शारीरिक लाभही मोजले गेले आहेत. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले, तेव्हा तीन वर्षांत लघुदृष्टी जडलेल्यांचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले. इतर शाळांत ते ३९.५ टक्के होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष शहरांनी मनावर घ्यावा असाच आहे. नवेगावच्या पोराला मात्र उन्हाची वाण नाही. त्याला वाण आहे ती त्याचे ज्ञान ज्ञान म्हणून ऐकून घेणाऱ्या कानाची.

महाराष्ट्रात सारस क्रौंच आज मुख्यतः गोंदिया आणि त्याच्या आसपासच्या भागातच उरला आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांध्यांत घरटे करतो, आणि त्याचे राहणे-न राहणे शेतकऱ्याच्या हाती असते. म्हणजे त्याला वाचवण्याचे शिक्षण शेतातच होणार, आणि ते आज जे मूल धुऱ्यावर उभे आहे त्याचेच होणार. त्यासाठी महागडी शिबिरे लागत नाहीत. गावातला जाणता शेतकरी, तलावावरचा ढिवर, रानात गुरे नेणारा म्हातारा यांना महिन्यातून एकदा शाळेने बोलवावे, किंवा शाळेने त्यांच्याकडे जावे. शिक्षकाने वही घेऊन मुलांच्या रांगेत बसावे. मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले. माधवरावांसोबत तळ्याकाठी त्यांनी जे केले, ते यापेक्षा फारसे वेगळे नव्हते.